मॅनिटॉल एकदा वाचवतं, एकदा नाही: लोह, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि एक गुलाबी रंग

जिज्ञासा_म

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रकल्पातल्या एका निकालाने आठवडाभर झोप उडवली आहे.

प्रयोग जुना आणि साधा आहे. डीऑक्सिरायबोज म्हणजे डीएनएच्या कण्यातली साखर. ती २.८ मिलिमोलर घ्यायची, ७.४ सामूच्या फॉस्फेट बफरमध्ये. त्यात फेरिक क्लोराइड २० मायक्रोमोलर, हायड्रोजन पेरॉक्साइड १ मिलिमोलर, व्हिटॅमिन सी १०० मायक्रोमोलर. ३७ अंशांवर तासभर ठेवायचं. साखर तुटली तर तिच्या तुकड्यांतून मॅलोनडायअल्डिहाइड मिळतं. मग थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून उकळत्या पाण्यात ठेवलं की गुलाबी रंग येतो, तो ५३२ नॅनोमीटरला मोजायचा. जितका रंग गडद, तितकी साखर जास्त तुटली.

आता माझे गोंधळ. पहिला: व्हिटॅमिन सी आपण अँटिऑक्सिडंट म्हणून शिकलो. ते घातल्यावर रंग कमी व्हायला हवा ना? तो कितीतरी पटींनी वाढतो. दुसरा: ईडीटीए लोहाला धरून ठेवतं, म्हणून मी ते १०० मायक्रोमोलर घातलं. रंग अजून गडद झाला! तिसरा गोंधळ सगळ्यात मोठा. मॅनिटॉल हायड्रॉक्सिल रॅडिकल टिपतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ईडीटीए असलेल्या नळीत २० मिलिमोलर मॅनिटॉल घातलं तर रंग छान उतरतो. ईडीटीए नसलेल्या नळीत तेच मॅनिटॉल, तितकंच, आणि फरक जवळजवळ शून्य. चार वेळा करून पाहिलं. मार्गदर्शक म्हणतात, "नळ्या नीट धुतल्या नसतील." नळ्या मी स्वतः आम्लाने धुते.

माझं नेमकं कुठे चुकतंय?

धातुविचार

जिज्ञासा, तुझं कुठेही चुकलेलं नाही. तुझे तिन्ही निकाल बरोबर आहेत आणि तिसरा तर या विषयाचा गाभा आहे. पण क्रमाने जाऊ, नाहीतर तिसऱ्याचं मोल कळणार नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड स्वतः तसा शांत पदार्थ आहे. डीएनएच्या बेसशी, साखरेशी तो थेट फारसं काही करत नाही. प्रथिनांतल्या सिस्टीनच्या गंधकाशी करतो, तेही निवडकपणे. मात्र त्याच्या मधोमध दोन ऑक्सिजन अणूंचा जो बंध आहे तो कमकुवत आहे. त्यात एकच इलेक्ट्रॉन ढकलला की बंध तुटतो. एका तुकड्याला इलेक्ट्रॉन मिळतो, तो हायड्रॉक्साइड आयन होऊन निमूट निघून जातो. दुसरा तुकडा उरतो हायड्रॉक्सिल रॅडिकल, ज्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो.

तो एक इलेक्ट्रॉन देण्यात फेरस लोह, म्हणजे फेरिकपेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त असलेलं लोह, पटाईत आहे. फेरसचं फेरिक होतं, पेरॉक्साइड फुटतं, रॅडिकल सुटतं. हीच फेंटन अभिक्रिया. आम्लधर्मी पाण्यात तिचा वेगस्थिरांक, म्हणजे अभिक्रियेचा वेग सांगणारा आकडा, दर मोलर दर सेकंदाला साधारण ७६ धरतात. उदासीन सामूला आणि काही चिलेटरांच्या (धातू धरून ठेवणाऱ्या रेणूंच्या) सोबतीने तो हजारांत जातो. आकडा लहान वाटेल, पण पुढच्या पावलाशी ताडून बघ: जन्मलेलं हायड्रॉक्सिल रॅडिकल जवळपास कुठल्याही सेंद्रिय रेणूशी १ अब्ज ते १० अब्ज या वेगस्थिरांकाने भिडतं. म्हणजे समोर रेणू आला की संपलंच.

आता तुझा पहिला प्रश्न. तू लोह घातलंस ते फेरिक. फेरिककडे द्यायला तो इलेक्ट्रॉनच नाही. पेरॉक्साइड स्वतः फेरिकला परत फेरस करू शकतं, पण ते काम पुढच्या पावलापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद आहे. गाडी तिथेच अडते. व्हिटॅमिन सी फेरिकला झटकन इलेक्ट्रॉन देऊन फेरस करतं, ते फेरस पेरॉक्साइड फोडतं, पुन्हा फेरिक होतं, पुन्हा व्हिटॅमिन सी. एकच लोहाचा अणू पुन्हा पुन्हा फिरतो. अँटिऑक्सिडंट हा रेणूचा जन्मजात गुण नसतो. शेजारी कोण बसलंय त्यावर ते ठरतं.

ईडीटीए आणि मॅनिटॉलचं संध्याकाळी लिहितो, घाईत लिहायची गोष्ट नाही ती.

जिज्ञासा_म

धातुविचार सर, मनापासून आभार. "गाडी तिथेच अडते" यावरून एक विचारते. पेशीत व्हिटॅमिन सीऐवजी हे काम सुपरऑक्साइड, म्हणजे एक जादा इलेक्ट्रॉन घेतलेला ऑक्सिजन, करतं ना? पुस्तकात हेबर-वाइस चक्र म्हणून येतं ते.

पडताळा

सरांच्या आधी मी थोडं. हेबर आणि वाइस यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला असं मांडलं की पेरॉक्साइडच्या विघटनात हायड्रॉक्सिल रॅडिकल हा मधला टप्पा असतो. फेंटन स्वतः तिथवर गेलेच नव्हते. १८७६ मध्ये केंब्रिजला विद्यार्थी असताना त्यांना दिसलं की टार्टारिक आम्ल, फेरस क्षार आणि थोडं पेरॉक्साइड एकत्र करून वर अल्क घातलं की जांभळा रंग येतो. १८९४ मध्ये त्यांनी त्यावर सविस्तर लेख लिहिला. त्यात रॅडिकल हा शब्द नाही, नुसतं निरीक्षण आहे. अठरा वर्षं एका रंगाच्या मागे राहिलेला माणूस! जिज्ञासा, तूही एका रंगाच्याच मागे आहेस, धीर सोडू नकोस.

सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड एकमेकांशी थेट भिडून हायड्रॉक्सिल देतात हे पाण्यात नगण्य आहे. मध्ये लोह हवंच. त्यामुळे "हेबर-वाइस" म्हणताना लोह गृहीत धरलेलं असतं. सुपरऑक्साइड फेरिकला फेरस करू शकतं हे खरं, पण पेशीत व्हिटॅमिन सी, ग्लुटाथायोन, फ्लॅव्हिनवाली एन्झाइम्स अशी इलेक्ट्रॉन देणारी मंडळी सुपरऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त असतात. मग सुपरऑक्साइडचा खरा गुन्हा काय? याचं उत्तर जिवाणूंवर काम करणारं कुणी असेल तर त्यांनीच द्यावं.

माझी मूळ शंका मात्र वेगळी आहे. गुलाबी रंगावरून "हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार झालं" असं म्हणणं ही उडी नाही का? १९३२ मध्येच ब्रे आणि गोरिन यांनी फेरिल, म्हणजे चौथ्या अवस्थेतलं लोह-ऑक्सिजन, असा दुसरा पर्याय सुचवला होता. तेही साखर तोडू शकतं.

धातुविचार

पडताळा, शंका रास्त आहे. आधी मॅनिटॉल, मग तुमच्याकडे वळतो.

जिज्ञासा, आकडेमोड करून पाहू. डीऑक्सिरायबोजचा हायड्रॉक्सिलशी वेगस्थिरांक सुमारे ३ अब्ज. तुझ्या नळीत ती २.८ मिलिमोलर, म्हणजे रॅडिकल टिपायच्या संधी दर सेकंदाला ८० लाखांच्या आसपास. मॅनिटॉलचा सुमारे २ अब्ज, २० मिलिमोलरला ४ कोटी. शर्यत सरळ असेल तर सहांतली पाच रॅडिकल्स मॅनिटॉल टिपणार आणि रंग जवळजवळ पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येणार. ईडीटीएवाल्या नळीत तुला साधारण असंच दिसलं असेल.

ईडीटीए लोहाला धरतं, पण पूर्ण झाकत नाही. लोहाभोवती पाण्याच्या रेणूला एक जागा मोकळी राहते आणि तिथून पेरॉक्साइड आत शिरतं. वर ईडीटीए लोहाला विरघळलेलं ठेवतं, नाहीतर उदासीन सामूला फेरिक लोह गाळ होऊन बसतं. शिवाय ईडीटीएच्या संगतीत फेरिकचं फेरस होणंही सोपं राहतं. म्हणून रंग वाढला. आणि हे लोह-ईडीटीए द्रावणात मोकळं हिंडतं. रॅडिकल जन्मतं ते मध्येच कुठेतरी, साखर आणि मॅनिटॉल दोघांपासून सारख्याच अंतरावर. शर्यत न्याय्य.

ईडीटीए काढून घेतलंस की लोह कुठे जातं? काही फॉस्फेटकडे, आणि काही डीऑक्सिरायबोजलाच सैलसर चिकटतं. आता रॅडिकल जन्मतं ते साखरेच्या अंगावर. त्याला मॅनिटॉलपर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. तू २० ऐवजी २०० मिलिमोलर घातलंस तरी फार फरक पडणार नाही, कारण शर्यत सुरू होण्याआधीच एकजण अंतिम रेषेवर उभा आहे.

म्हणून म्हटलं, तिसरा निकाल हा गाभा आहे. लोह जिथे बसलंय तिथेच इजा होते. पेरॉक्साइड पेशीभर हिंडतं, पटलांतून आरपार जातं, पण स्फोट होतो तो लोहाच्या पत्त्यावर. हायड्रॉक्सिल पेशीत सुमारे एक नॅनोसेकंद जगतं आणि काही नॅनोमीटर सरकतं. डीएनएच्या गोफाची जाडीच २ नॅनोमीटर आहे. लोह डीएनएला चिकटलेलं असेल तर डीएनए तुटणार, तिथून रायबोसोमभर अंतरावर असेल तर डीएनएला त्याची खबरही लागणार नाही.

वाचनमात्र

मी रसायनशास्त्रातली नाही, पण धागा सोडवत नाही. एक भाबडा प्रश्न: मग हायड्रॉक्सिल टिपणारी अँटिऑक्सिडंट्स भरपूर असतील तर पेशी वाचेल ना?

धातुविचार

भाबडा अजिबात नाही. या प्रश्नाचं उत्तर नीट न दिल्यामुळे फार गैरसमज पसरलेत, म्हणून पुन्हा आकडे.

पेशीत प्रथिनं, न्यूक्लिक आम्लं, मेद, साखरा यांची इतकी दाटी असते की हायड्रॉक्सिल टिपायला आधीच दर सेकंदाला एक अब्जाच्या आसपास संधी असतात. रक्तद्रवात व्हिटॅमिन सी साधारण ५० मायक्रोमोलर. त्याचा वेगस्थिरांक १० अब्ज धरला तरी दर सेकंदाला पाच लाख संधी. म्हणजे पेशीतल्या दाटीसमोर दोन हजारांत एक. काही पेशींत व्हिटॅमिन सी मिलिमोलरपर्यंत साठतं, तिथेही शंभरातलं एखादंच रॅडिकल त्याच्या वाट्याला. बाकीची सगळी पेशीच्या स्वतःच्या रेणूंवर पडणार. हायड्रॉक्सिलला पकडून पेशी वाचवता येत नाही. त्याचा जन्म टाळावा लागतो, आणि जन्माला दोनच पालक आहेत: मोकळं लोह आणि पेरॉक्साइड.

पेशी नेमकं हेच करते. पेरॉक्सिरेडॉक्सिन, कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एन्झाइम्स मिळून पेरॉक्साइड नॅनोमोलरच्या घरात ठेवतात. कॅटालेज तर स्वतःच्या हीममधल्या लोहानेच पेरॉक्साइड फोडतं, पण दोन-दोन इलेक्ट्रॉनांच्या पावलांनी, त्यामुळे मोकळं हायड्रॉक्सिल सुटत नाही. तोच धातू, तेच पेरॉक्साइड, घर वेगळं. हे मला दर वेळी वाचताना थक्क करतं. दुसरीकडे लोह साठवणारं प्रथिन फेरिटिन: २४ उपएककांची पोकळ गोळी, आत ४,५०० पर्यंत लोहाचे अणू कुलूपबंद. रक्तात ट्रान्सफेरिन दोन-दोन फेरिक अणू उचलून नेतं आणि निरोगी माणसात त्याच्या साधारण ३० टक्केच जागा भरलेल्या असतात. बाकीच्या मुद्दाम रिकाम्या ठेवल्यासारख्या, सुटं लोह दिसलं की उचलायला.

तरी थोडं निसटतंच. ढोबळ हिशोब: सैल लोह १ मायक्रोमोलर, पेरॉक्साइड १० नॅनोमोलर, वेगस्थिरांक ५,०००, पेशीचं आकारमान एक पिकोलिटर. गुणाकार कर, दर सेकंदाला सुमारे तीस हायड्रॉक्सिल रॅडिकल्स येतात. वेगस्थिरांक १०० घेतला तर सेकंदाला एकही नाही. गृहीतकं बदलली की आकडा बदलतो, पण पेरॉक्साइड शंभर पट वाढलं तर हाही शंभर पट वाढणार हे बदलत नाही.

सूक्ष्मजीवी

पडताळांनी हाक मारली म्हणून आलो. सुपरऑक्साइडचा गुन्हा असा: काही एन्झाइम्समध्ये चार लोह आणि चार गंधक अणूंचा एक घन असतो. अ‍ॅकोनिटेज हे नेहमीचं उदाहरण. त्यातलं एक लोह उघड्यावर असतं. सुपरऑक्साइड त्या घनावर झडप घालतं, घन डळमळतो आणि लोह बाहेर पडतं. म्हणजे सुपरऑक्साइड फेंटनला इलेक्ट्रॉन पुरवण्यापेक्षा मोकळं लोह पुरवतं. इमले यांच्या प्रयोगशाळेने १९९० च्या दशकात हे ई. कोलायमध्ये दाखवलं: सुपरऑक्साइड आवरणारी एन्झाइम्स काढून टाकलेल्या जिवाणूंत सुटं लोह वाढलेलं होतं आणि पेरॉक्साइडने त्यांचा डीएनए जास्त तुटत होता.

त्याआधीचं १९८८ चं काम मला अधिक प्रिय आहे. ई. कोलायवर पेरॉक्साइड वाढवत नेलं तर मृत्यू सरळ वाढत जायला हवा. तसं होत नाही. १ ते ३ मिलिमोलरला मृत्यू सर्वाधिक, त्याच्या वर डोस वाढवला की उलट काहीसा कमी, आणि खूप वर गेल्यावर पुन्हा वेगळ्याच प्रकारे मृत्यू. कमी डोसचा मृत्यू डीएनएच्या इजेमुळे, आणि लोह धरून ठेवणारे पदार्थ दिले की तो टळतो. नळीतल्या फेंटनचं चित्र जिवंत पेशीत इतकं जुळावं, यासारखा आनंद नाही.

जिवाणूंचा बचावही लोहाभोवतीच फिरतो. डीपीएस नावाचं प्रथिन फेरसला पेरॉक्साइडनेच फेरिक करून पोटात साठवतं. दोन्ही पालक एकाच घासात गिळतं आणि रॅडिकल सुटू देत नाही. शिवाय पेरॉक्साइड वाढल्याची वर्दी ऑक्सिआर नावाचं प्रथिन देतं, तेव्हा पेशी मँगनीज आत ओढू लागते आणि काही एन्झाइम्समध्ये लोहाच्या जागी मँगनीज बसवते. मँगनीज पेरॉक्साइडशी फेंटन करत नाही. कारखाना बंद न करता पेटणारा माल बाहेर काढून ठेवायचा, असं ते.

पडताळा

हे उत्तम झालं. आता माझ्या फेरिलचं काय, सर?

धातुविचार

विसरलो नाही. आम्लधर्मी सामूला, चिलेटर नसताना, हायड्रॉक्सिल तयार होतं याबद्दल पुरावा भक्कम आहे. डीएमपीओसारख्या सापळ्याच्या रेणूने पकडून ईपीआर यंत्रावर (ते जोडीविना इलेक्ट्रॉन ओळखतं) १:२:२:१ अशा चार शिखरांचा ठसा मिळतो. एवढ्यावर भागत नाही, कारण तो ठसा दुसऱ्या वाटेनेही उमटू शकतो. म्हणून नळीत इथेनॉल घालतात. हायड्रॉक्सिल असेल तर ते इथेनॉलचा हायड्रोजन खेचतं आणि ठसा बदलतो. पण उदासीन सामूकडे सरकलं, चिलेटर बदलला, की फेरिलसारखं काही तयार होत असल्याची चिन्हं मिळतात आणि वाद अजून मिटलेला नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अलीकडची आहे. आपल्या पेशीत आणि रक्तात बायकार्बोनेट भरपूर असतं, रक्तद्रवात सुमारे २५ मिलिमोलर. ते फेरसला धरतं, आणि त्या अवस्थेत पेरॉक्साइड आलं की हायड्रॉक्सिलऐवजी कार्बोनेट रॅडिकल बाहेर पडतं. ते तितकं अंदाधुंद नाही. ते डीएनएमध्ये मुख्यतः ग्वानिनला वेचून मारतं. जिज्ञासा, तुझा बफर फॉस्फेटचा आहे, त्यात बायकार्बोनेट नाही. नळीतला निकाल पेशीला लावताना हे मनात ठेव.

ग्वानिनचं काय होतं तेही सांगतो. त्याचं ८-ऑक्सोग्वानिन बनतं. ते सायटोसिनशी जोडी करतंच, पण वळून अ‍ॅडेनिनशीही करतं. प्रत काढताना चुकीची जोडी बसली आणि दुरुस्ती झाली नाही, तर ग्वानिन-सायटोसिनच्या जागी थायमिन-अ‍ॅडेनिन कायमचं बसतं. आपल्याकडे यासाठी खास दुरुस्ती एन्झाइम्स आहेत, ओजीजी१ आणि म्यूटीवायएच. एका विशिष्ट चुकीसाठी दोन वेगळे पहारेकरी ठेवावे लागलेत, यावरून ती किती नेहमीची असेल याचा अंदाज यावा. साखरेवर घाव बसला तर मात्र धागाच तुटतो. जिज्ञासाच्या नळीत सुटी साखर तुटते, पेशीत ती डीएनएच्या कण्यात ओवलेली असते.

सूक्ष्मजीवी

प्रथिनांचंही लोहाच्या पत्त्यावरच घडतं. १९८० च्या दशकात अर्ल स्टॅडमन यांच्या गटाने ग्लुटामिन सिंथेटेजवर पाहिलं: लोह, ऑक्सिजन आणि व्हिटॅमिन सी दिलं तर प्रथिनाच्या चिंध्या होत नाहीत. धातू बसतो त्या जागेजवळचं एक हिस्टिडिन बिघडतं आणि एन्झाइम मरतं. मग पेशीतले प्रथिनखाऊ एन्झाइम्स ते ओळखून मोडीत काढतात.

मेदाची गोष्ट निराळी, तिथे एका ठिणगीवर भागत नाही. बहुअसंतृप्त मेदाम्लात दोन दुहेरी बंधांच्या मधला हायड्रोजन सैल असतो. तो खेचला की मेदाचं रॅडिकल, त्यावर ऑक्सिजन बसतो, ते शेजाऱ्याचा हायड्रोजन खेचतं, आणि साखळी पटलभर पसरते. व्हिटॅमिन ई ही साखळी तोडतं. ते हायड्रॉक्सिलला अडवत नाही, नंतरच्या मंद रॅडिकल्सना अडवतं, आणि म्हणून उपयोगी पडतं. साखळीत तयार झालेलं मेदाचं पेरॉक्साइड लोहाला पुन्हा भेटलं की फेंटनचीच चुलत अभिक्रिया होऊन नवी साखळी सुरू. २०१२ मध्ये या मार्गाने येणाऱ्या पेशीमृत्यूला फेरोप्टोसिस नाव मिळालं. लोह धरणारं औषध दिलं की तो थांबतो, नावातलं "फेरो" तिथून आलं.

सांडपाणी_अभियंता

वेगळ्या टोकावरून लिहितो. आम्ही हीच अभिक्रिया मुद्दाम घडवतो. जिवाणू पचवू शकत नाहीत अशी रंगद्रव्यं, फिनॉल वगैरे सांडपाण्यातून मोडायला फेरस सल्फेट आणि पेरॉक्साइड. सामू ३ च्या आसपास आणावाच लागतो, वर गेला की लोह गाळात. पाण्यात कार्बोनेट-बायकार्बोनेट असेल तर रॅडिकल्स तिकडे वाया जातात, फॉस्फेट लोह बांधून टाकतं.

नवी मुलं एक चूक हमखास करतात: लवकर उरकावं म्हणून सगळं पेरॉक्साइड एकदम ओततात. जास्तीचं पेरॉक्साइड स्वतःच हायड्रॉक्सिल खाऊन टाकतं, जास्तीचं फेरसही खातं. थोडं थोडं सोडलं तर त्याच मालात दुप्पट काम होतं. सूक्ष्मजीवींचे ई. कोलाय वरच्या डोसला कमी का मरत असतील, हे वाचताना मला पहिलं हेच आठवलं. तिथेही हेच कारण असेल असं मी म्हणत नाही, पेशी म्हणजे टाकी नव्हे. अतिनील प्रकाश दिला तर फेरिकचं फेरस होतं, म्हणजे व्हिटॅमिन सीचं काम आमच्याकडे दिवा करतो.

रक्तविकार_डॉ

उशिरा आले. जिज्ञासाचा पहिला निकाल आमच्या विभागात रुग्णाच्या बाबतीत जपावा लागतो, म्हणून लिहिते.

थॅलॅसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांना आयुष्यभर रक्त द्यावं लागतं. एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. शरीर दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम लोह गमावतं आणि जास्तीचं बाहेर टाकायची सोयच शरीराकडे नाही. साठत जातं. ट्रान्सफेरिनच्या त्या रिकाम्या जागा भरून वाहू लागतात, मग सुटं लोह रक्तात फिरतं आणि यकृत, हृदय, स्वादुपिंड, अंतःस्रावी ग्रंथी यांत घुसतं. उपचार नसतील तर ही मुलं बहुतेक करून हृदयाच्या विकाराने जातात.

डेफेरोक्झामाइनने हे चित्र पालटलं. एका मातीतल्या जिवाणूचं हे लोह पकडायचं हत्यार. धातुविचार म्हणाले ती ईडीटीएची मोकळी जागा इथे नाही, लोहाच्या सहाच्या सहा जागा ते व्यापतं आणि फेरिकला परत फेरस होऊ देत नाही. त्रास एवढाच की ते त्वचेखाली तासन् तास पंपाने द्यावं लागतं. रात्रभर सुई घेऊन झोपणारी मुलं मी पाहिली आहेत. आता तोंडाने घ्यायची औषधं आली आहेत, त्यांच्यासाठी फार बरं झालं.

व्हिटॅमिन सीचं म्हणाल तर अशा रुग्णाला ते कमी पडलेलं असतं, आणि दिलं की लोह साठ्यातून सुटून डेफेरोक्झामाइनच्या हाती लागतं, लघवीतून जास्त जातं. पण चिलेटर चालू नसताना मोठा डोस दिला तर सुटलेलं लोह हृदयावर जातं. म्हणून आधी काही आठवडे डेफेरोक्झामाइन, मग थोड्या मात्रेत व्हिटॅमिन सी, आणि हृदय आधीच कमजोर असेल तर नाहीच. जिज्ञासाच्या नळीत जे दिसलं ते ध्यानात ठेवून आम्ही मात्रा लिहितो.

वाचनमात्र

डॉक्टर ताई, वाचून पोटात गोळा आला. मला रक्तक्षयासाठी लोहाच्या गोळ्या चालू आहेत. बंद करू का?

रक्तविकार_डॉ

अजिबात नाही! बरं झालं विचारलंस. लोह कमी असलेल्या माणसात ट्रान्सफेरिन जवळपास रिकामं असतं, आलेलं लोह लगेच उचललं जातं आणि हिमोग्लोबिनकडे जातं. मी सांगितलं ते साठा ओसंडून वाहणाऱ्यांचं. शरीरातलं ३-४ ग्रॅम लोह नसेल तर श्वासच घेता येणार नाही. गोळ्या तुझ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेव, ठरलेल्या वेळी फेरिटिन तपासून घे.

आणि कुणी घरी जखमेवर पेरॉक्साइड ओतत असेल तर: ३ टक्क्यांचं ते द्रावण जवळपास ०.९ मोलर असतं, पेशीतल्या नॅनोमोलरच्या कोट्यवधी पट. फेस येतो तो रक्तातल्या आणि ऊतींतल्या कॅटालेजमुळे, जंतू मेल्याची ती खूण नव्हे. भरून येणाऱ्या पेशीही त्यात भाजतात. साध्या जखमेला स्वच्छ पाणी पुरतं.

जिज्ञासा_म

सगळ्यांचे किती आभार मानू. चार दिवस गायब होते कारण प्रयोगशाळेत होते.

मार्गदर्शकांना हा धागा दाखवला. त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, "मग डेफेरोक्झामाइनची नळी लाव." लावली. लोहापेक्षा किंचित जास्त, २५ मायक्रोमोलर. ईडीटीए नसलेल्या नळीत, जिथे २० मिलिमोलर मॅनिटॉल काही करू शकलं नव्हतं, तिथे रंग जवळजवळ पुसला गेला. आठशे पट कमी पदार्थ! तो हायड्रॉक्सिल टिपून हे करत नाही हे आता मलाच आकड्यांनी सांगता येतं: २५ मायक्रोमोलर शर्यतीत कुठेच नाही.

पण एक नवीन अडचण. लोह अजिबात न घातलेल्या, फक्त व्हिटॅमिन सी आणि पेरॉक्साइड असलेल्या नळीतही हलका गुलाबी रंग आला. आधी मी तो कोरा (ब्लँक) म्हणून बाकी मोजमापांतून वजा करत होते.

धातुविचार

तो तुझ्या बफरमधला लोह आहे. फॉस्फेट क्षारांत तो मायक्रोमोलरच्या आसपास सहज असतो. बफर धातू धरून ठेवणाऱ्या चिलेक्स राळेतून गाळून घे. मग तपासायची सोपी रीत: बफरमध्ये व्हिटॅमिन सी साधारण १०० मायक्रोमोलर घाल आणि २६५ नॅनोमीटरला १५ मिनिटं बघ. शोषण अर्ध्या टक्क्याहून जास्त घसरलं तर धातू अजून आहे, पुन्हा गाळ. राळ बफरचा सामू थोडा हलवते, तो परत लाव. लावताना काचेचा सामूमापक बाटलीत बुडवू नकोस, थोडं बाजूला काढून मोज, नाहीतर लोह पुन्हा आत.

जिज्ञासा_म

केलं. पहिल्यांदा १५ मिनिटांत ६ टक्के घसरलं. दोनदा गाळल्यावर ०.४. कोऱ्या नळीतला गुलाबी गेला.

उद्या सगळा संच नव्या बफरमध्ये पहिल्यापासून, आणि पडताळांच्या शंकेसाठी एक रांग २५ मिलिमोलर बायकार्बोनेटची. सामू त्यात टिकवणं अवघड जाईल असं वाटतंय, बंद नळीत करू का?

धातुविचार

बंद नळीत कर, वर हवेची जागा कमीत कमी ठेव, आणि सामू सुरुवातीला आणि तासाने दोन्ही वेळा नोंदव. आकडे इथे टाक, मी वाट बघतो.